रग्बीचा पॅक

पोरीने फोनवर दोन गोष्टी सांगितल्या. राज्याच्या संघात तिची निवड झाली होती आणि सामने टीव्हीवर दाखवणार होते. ते बघायचे तर डिशवर खेळाचा वेगळा पॅक घ्यावा लागणार होता. मग जरा थांबून ती म्हणाली, "पण आई, मॅचच्या दिवशीच चालू करा. आधी नको."

"का गं?"

"उगाच पैसे जातात."

पॅक महिन्याचा मिळतो, एका दिवसाचा मिळत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. पण आमच्या वाडीत मोबाईलला रेंज पाण्याच्या टाकीपाशीच येते, आणि तिथे हंडे घेऊन आलेल्या बाया कान देऊन उभ्या असतात. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. तिचा तो "आधी नको" म्हणतानाचा आवाज मात्र घरापर्यंत माझ्याबरोबर चालत आला.

ती भोरला कॉलेजात शिकते आणि तिथेच हॉस्टेलवर राहते. हा रग्बीचा खेळ तिने कॉलेजात धरला. घरात सगळ्यांची समजूत होती की हा कबड्डी-खोखोसारखाच पळापळीचा खेळ, फक्त हातात चेंडू घ्यायचा. तो लांबोळका चेंडू तिने एकदा घरी आणला होता. माझ्या सासूबाई, आत्याबाई, तो हातात धरून म्हणाल्या, "ह्यो कसला चेंडू? ही तर पपई हाय." सगळे हसलो. खेळ कुणीच बघितला नव्हता. मीही नाही.

पॅक कोणता घ्यायचा यावर संध्याकाळी घरात मोठी चर्चा झाली. आमचे हे दुधाचा टेम्पो घेऊन नसरापूरला जातात, तेव्हा वाटेत विंझरला रिचार्जच्या दुकानात विचारून आले होते. खेळाचे पॅक दोन. एकात क्रिकेट आणि कबड्डी, दुसऱ्यात बाहेरदेशचे खेळ. ह्यांचं मन पहिल्यावर होतं.

"क्रिकेटच्या पॅकात समदंच असतंय," हे म्हणाले. "ह्योबी असंल."

"तुला क्रिकेट बघायचंय, नातीचं नाव कशाला घेतोस?" आत्याबाई म्हणाल्या.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मामंजी, म्हणजे माझे सासरे, पुढच्या खोलीत असले की मी तिथे बसत नाही. लग्न झाल्यापासून मी टीव्ही दारातूनच बघत आले, तिरपा. त्या दिवशी मी तिथूनच म्हणाले, "दुसऱ्यात हाय. पोरगीनं चॅनलचा नंबर सांगितलाय."

माझा आवाज पुढच्या खोलीत सहसा येत नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि माझे कान तापले.

"मग दुसराच घ्या," मामंजी म्हणाले. रिमोट त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतो, तेव्हा तो निकालच झाला. पण हे म्हणाले, तो पॅक घेतला तर मालिकांचा काढायचा, नाहीतर दोन्हींचे पैसे भरायचे. आता सगळे आत्याबाईंकडे बघायला लागले. त्या म्हणाल्या, "त्या मालिकेतली सून आता घर सोडून निघालीया. महिनाभर चालतच राहील, कुठं जाती? काढा मालिका. पन महिनाभरच, सांगून ठिवते."

पोरीचं म्हणणं मी ह्यांच्याकडून मामंजींच्या कानावर घातलं होतं. मॅचच्या दिवशीच लावा, आधी नको.

"त्या दिशी लावला अन् न्हाईच लागला तर?" मामंजी म्हणाले. "म्या समद्या वाडीला सांगून बसलोय. त्वांड काय दावू?"

म्हणून पॅक दुसऱ्याच दिवशी लागला. सामन्याला अजून आठवडाभर अवकाश होता.

दुपारी जेवणं झाल्यावर मामंजींनी तो चॅनल लावला. कुठल्या तरी परदेशातल्या पुरुषांचा सामना चालू होता. चेंडू घेऊन एकजण पळत सुटला आणि समोरून आलेल्याने त्याच्या कमरेला मिठी मारून त्याला पाठीवर आपटला. आपटल्याचा आवाज टीव्हीतूनसुद्धा आला. लगेच वरून तिघे-चौघे पडले. आत्याबाईंच्या हातातलं तांदळाचं सूप थांबलं.

"अगं बाई! ही भांडणं कशापायी लागली?"

"भांडणं न्हाईत, खेळच हाय," हे म्हणाले, पण त्यांचाही आवाज बारीक झाला होता.

"आपली पोरगी हे खेळती?"

"ही बाप्ये हायती," मामंजी म्हणाले. "पोरींचं येगळं असंल. पोरी काय अशा आपटत्यात व्हय?"

दुसऱ्या दिवशी पोरींचा सामना लागला. वेगळं काही नव्हतं. त्याही तशाच धावत येत होत्या, तशाच एकमेकींना पाडत होत्या, गुडघे आणि कोपरं चिखलाने भरलेली, तोंडात रबराचं काहीतरी धरलेलं. आत्याबाई भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडायला बसल्या आणि पुन्हा वळल्या नाहीत. मामंजी मात्र पुढे सरकून बसले. तरुणपणी ते तालमीत जायचे, जत्रेतल्या फडात उतरायचे. ते म्हणाले, "कुस्तीच की रं ही! पळती कुस्ती. आपली पोर दणकट हाय, आजावर गेलीया."

मी भांडी घासायची टाकून दारात उभी होते. पोरीने आधी का लावू नका म्हटलं ते मला कळलं. आम्ही बघावं असं तिला वाटत होतं, पण एकदाच बघावं, तेही ती जिंकताना. आधी बघितलं असतं तर आम्ही तिला जाऊ दिलं नसतं, असं तिला वाटलं असणार. एवढंच कारण असेल असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवसापर्यंत.

तिसऱ्या दुपारी टीव्हीवरची एक मुलगी पडली. फार जोरात नाही. तिच्यापेक्षा वाईट पडलेल्या मी बघितल्या होत्या. ती उठली, हसली, अंगावरची माती झटकली आणि चालायला लागली, पण दुसऱ्या बाजूच्या मुलींमध्ये जाऊन उभी राहिली. मग तिने मैदानाच्या टोकाच्या खांबाला हात लावला. नुसता टेकला. एक बाई पिशवी घेऊन धावत आली, तिच्या डोळ्यांपुढे बोट फिरवलं, काहीतरी विचारलं. तिला बाहेर नेलं. टीव्हीवरचा माणूस हिंदीत सांगत होता की डोक्याला मार लागल्याची शंका आहे, ही आज पुन्हा मैदानात येणार नाही.

तिचा तो टेकलेला हात मी बघत राहिले. तो हात मी आधी बघितला होता.

दिवाळीला पोरगी घरी आली तेव्हा खळ्यात भात झोडायचं काम चाललं होतं. ती दरवर्षी माझ्या बरोबरीने झोडते. यंदा दोन पेंढ्या आपटल्या आणि तिने तसाच खांबाला हात टेकला. म्हणाली, गरगरतंय. घरात आली, उलटी झाली. मग तोंडावर ओढणी घेऊन आतल्या खोलीत पडून राहिली, उजेड नको म्हणाली, आकाशकंदील लावला तर तोही विझवायला लावला. कपाळाच्या कडेला केसांत टेंगूळ होतं. विचारलं तर म्हणाली, बाथरूममध्ये घसरले.

आत्याबाईंनी मीठ-मिरच्या-मोहऱ्या घेऊन तिची दृष्ट काढली. मिरच्या चुलीत टाकल्या आणि आम्ही सगळे खोकल्याची वाट बघत उभे राहिलो. कुणालाच ठसका लागला नाही. आमच्याकडे मिरच्यांचा वास आला नाही तर दृष्ट नक्की होती असं धरतात, आणि जळाली म्हणजे गेलीच. आत्याबाई म्हणाल्या, "बगा, केवढी लागली हुती. पोरगी खेळात पुढं गेल्याचं कुणाला बगवना." मी पित्तावर कोकमाचं पाणी दिलं. दोन-तीन दिवसांत ती उठून हिंडायला लागली. दृष्ट उतरली असं सगळ्यांचं झालं आणि तिला एसटीत बसवून दिलं. उतरत्या दुपारच्या उन्हात ती खिडकीशी डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, झोप आली असेल.

हे सगळं मी दारात उभ्याउभ्या आठवत होते, तेवढ्यात टीव्हीकडे बघून मामंजी ह्यांना सांगायला लागले.

"आमच्या तालमीत एकजण हुता. माझ्यापरीस तगडा. एकदा फडात डोक्यावर पडला. उठला, हसला, दूध प्याला, गडी घरी गेला. दोन दिस डोकं दुकतंय म्हनायचा. वस्ताद म्हनला, बस जरा. पन ह्याला घाई. पुढल्याच जत्रंत परत कुस्ती धरली. आन् ह्या बारीला काय मोठा डाव न्हवता रं, नुसता ढकलला समोरच्यानं. बसला खाली. तो परत उठलाच न्हाई."

"मेला?" ह्यांनी विचारलं.

"मेला न्हाई. पाच-सात वर्सं हुता. आई भरवायची त्याला."

मामंजींनी हे सहज सांगितलं, जुनी गोष्ट सांगतात तसं. मग पुढच्या फेकीला "वा रं वा" म्हणाले. मी आत जाऊन चुलीपुढे बसले. चुलीत काही नव्हतं.

संध्याकाळी हंडा घेऊन मी टाकीपाशी गेले. बाया निघून जाईपर्यंत हंडा घासत बसले. मग पोरीला फोन लावला.

"दिवाळीत तू बाथरूममध्ये न्हाई पडलीस," मी म्हटलं.

ती म्हणाली, "पॅक लावलात ना? मी सांगितलं होतं तुला."

"खेळताना लागलं हुतं का?"

"अगं, सगळ्यांनाच लागतं. बरं वाटलं की नंतर."

"आता काय दुकतंय का?"

"नाही."

"माझी शपथ घे."

तिने शपथ घेतली नाही. हळूच म्हणाली, "परवा सरावात परत थोडं लागलं. फार नाही. सकाळी उठल्यावर जरा जड वाटतं, बस. आई, मॅडमना कळलं तर मला काढतील. एकच संधी आहे गं. पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही. एवढे तीन सामने होऊ देत, मग तू म्हणशील तिथं दाखवू. कुणाला सांगू नकोस. बाबांनाही नको."

"अगं पन..."

"तुला माझं काही होऊ द्यायचंच नाही का?"

फोन तिने ठेवला. मी टाकीच्या कट्ट्यावर बसून राहिले. तोरण्याच्या बाजूला ऊन उतरत होतं. डोळ्यांपुढे सारखी ती तालमीतली आई येत होती, जिला मी कधी बघितलंच नव्हतं. ती घास कालवत होती.

मला परक्या माणसाशी फोनवर बोलता येत नाही. बँकेतून फोन आला तरी मी ह्यांच्या हातात देते. समोरचा माणूस दिसत नाही, तो हसतोय की रागावलाय कळत नाही, आणि माझे शब्द घशातच राहतात. पोरीच्या खेळाच्या मॅडमचा नंबर माझ्याकडे होता, कारण एकदा हिच्या फोनची बॅटरी गेली तेव्हा तिने त्यांच्या फोनवरून केला होता. तो मी काढला, बघितला आणि फोन परत कमरेला खोचला. हंडा भरला. डोक्यावर घेतला. चार पावलं गेले आणि हंडा उतरवून ठेवला.

मॅडमनी उचलला. मी पोरीची आई बोलतेय एवढं सांगितलं आणि पुढे काही सुचेना. त्या म्हणाल्या, "बोला ना ताई." मी एकदम सगळं सांगितलं, मागचं पुढे आणि पुढचं मागे. उलटी, ओढणी, खांब, दृष्ट, परवाचं. दृष्ट सांगताना लाज वाटली, पण तेही सांगितलं.

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. त्या जुनी हजेरी बघत असाव्यात.

"ताई, दिवाळीत हे झालं तेव्हा तिनं मला ताप आहे म्हणून सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "आता मला तिला खेळवता येणार नाही."

"माझं नाव सांगू नका."

"मग काय सांगू तिला? दुसरं कुणाला माहितीय हे?"

दुसरं कुणालाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "सांगा मग."

त्या दिवसानंतर पोरीचा फोन आला नाही. मी घरात काही बोलले नाही. बोलायचं ठरवायची, आणि मामंजी काहीतरी म्हणायचे, शेजाऱ्यांकडून सतरंज्या आणायचं, चहाला जास्तीचं दूध ठेवायचं, की माझं धाडस जायचं.

सामन्याच्या दिवशी वाडीतली निम्मी माणसं आमच्याकडे होती. पुरुष पुढच्या खोलीत, बाया दारात आणि माझ्या मागे स्वयंपाकघरात. मुली मैदानात आल्या. सगळ्यांचे कपडे सारखे, केस घट्ट बांधलेले. प्रत्येकजण दुसरीलाच आमची पोरगी म्हणून दाखवत होता.

"ती न्हाई. तिची चाल बगा की, ती न्हाई."

"मग कुठंय?"

"बदली ठिवली असंल," मामंजी म्हणाले. "चांगला गडी शेवटाला काढत्यात."

चहा झाला. पहिला डाव संपला. दुसऱ्यात एकदा मैदानाबाहेरचा बाक दाखवला, आणि तिथे ती होती. अंगात लांब बाह्यांचं जाकीट. शेजारच्या मुली उठून ओरडत होत्या, ही बसून होती. डोळ्यांवर हात आडवा धरला होता, उन्हाला धरतात तसा. वाडी ओरडली, "आली, आली!" आणि तेवढ्यात ते चित्र गेलं.

तिला शेवटपर्यंत मैदानात उतरवलंच नाही. आमच्या मुली हरल्या. माणसं चपला घालताना एकमेकांकडे बघत होती. एक म्हातारे जाताना म्हणाले, "बसवायचीच हुती तर न्यायची कशाला?" मामंजींनी टीव्ही बंद केला, रिमोट खिशात न ठेवता खाटेवर टाकला. मग ह्यांना म्हणाले, "त्या मॅडमला फोन लाव. ईचार तरी, का बसवली."

तेव्हा मी बोलले. दारातूनच. "म्या सांगितलं बसवायला."

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुणी दुसरीच बाई आहे. "तू? कवा? आन् का म्हनून?"

मी खाली बघून सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते जरा नीट लागोपाठ आलं. आत्याबाई मध्येच म्हणाल्या, "पन दृष्ट उतरली हुती की. ठसका न्हाई लागला." हे भडकले, घरात नवऱ्याला सांगायचं सोडून परक्या बाईला सांगितलं म्हणून. मामंजींनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांचा चेहरा उतरला होता. स्वतःच सांगितलेली गोष्ट त्यांना आता ऐकू आली असावी.

"पुन्याला न्या तिला," ते म्हणाले. "उद्याच."

ती परस्पर पुण्याला आली, मी इकडून गेले. दवाखान्यात माझ्याशेजारी बसली पण बोलली नाही. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी तिच्या डोळ्यांत उजेड टाकला, तिला एका पायावर उभं केलं. ती डुलली. मग म्हणाल्या, "पाच शब्द सांगते, लक्षात ठेव. नंतर विचारीन. कंदील, लिंबू, घोडा, खिडकी, सतरंजी." तिने लगेच पाचही म्हणून दाखवले. त्यांनी तिला महिने उलटे म्हणायला लावले. डिसेंबरपासून ती झरझर निघाली, मध्ये अडखळली, जून दोनदा म्हणाली. मी मनात तिच्याबरोबर म्हणत होते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, तेव्हाचे महिने मला अजून येतात.

"आता ते शब्द सांग."

"लिंबू," ती म्हणाली. "घोडा." मग थांबली. माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. माझ्या तोंडात पाचही शब्द होते. मी पदर ओठांवर धरला.

"खिडकी," ती म्हणाली, पण तेव्हा ती खिडकीकडेच बघत होती.

डॉक्टरबाईंनी काहीतरी लिहिलं. म्हणाल्या, खेळ नाही, मोबाईल नाही, टीव्ही नाही. महिन्याने परत या, तेव्हा पुढचं बघू. "पुढं खेळता येईल ना?" पोरीने विचारलं. त्या म्हणाल्या, "आधी महिना जाऊ दे." चांगलं की वाईट, ते त्यांच्या तोंडावरून मला कळलं नाही.

एसटीत ती खिडकीशी बसली. कात्रजचा बोगदा गेला. मग बाहेर बघतच म्हणाली, "कोणते राहिले?"

"कंदील आन् सतरंजी."

तिने मान हलवली. ओठ हलत होते. नसरापूरला आम्ही उतरलो तेव्हा ह्यांचा टेम्पो रस्त्याच्या पलीकडे उभा होता. रस्ता ओलांडायच्या आधी ती थांबली आणि मोठ्याने म्हणाली, "कंदील. लिंबू. घोडा. खिडकी." आणि पुढे तिचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"सांगू नकोस," ती म्हणाली.

मी तिची पिशवी हातात घेऊन उभी राहिले. ह्यांनी हॉर्न वाजवला. एक ट्रक गेला, त्यामागून दुसरा. रस्ता मोकळा झाला तरी ती आठवतच होती.